‘आई, मी व दादा’ : फोटोतला तिसरा कोण? (प्रकल्प नोंदी)

४ मे

आत्याआजीचा, म्हणजे आजोबांच्या बहिणीचा, फोटोंचा पत्र्याचा डबा आत्याकडून माझ्याकडे आला. त्यातले बहुतेक चेहरे ओळखीचे आहेत. या एका फोटोवर मात्र घरात कधीच एकमत झालेलं नाही, म्हणून हा एकच घेऊन बसायचं.

आधी वस्तूचं वर्णन. काळा-पांढरा फोटो, पोस्टकार्डाच्या मापाचा, म्हणजे साधारण १४ × ९ सेंमी. पुठ्ठ्यावर चिकटवलेला नाही. फोटोत तिघं. खुर्चीवर पणजी, तिच्याबद्दल वाद नाही, तसबिरीतली तीच. तिच्या गुडघ्याला टेकून फ्रॉक घातलेलं, चारेक वर्षांचं मूल. मागे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला, कोट-टोपीतला मिशीवाला पुरुष. वय पंचविशीच्या पुढचं, चाळिशीच्या आतलं. त्याचं नाव काढायचं आहे.

मागच्या बाजूला निळ्या बॉलपेनने लिहिलंय: ‘आई, मी व दादा’. सही नाही, तारीख नाही.

घरात फिरणारी उत्तरं अशी: आत्या म्हणते हे आजोबांचे मामा. बाबा म्हणायचे थोरले आजोबा, म्हणजे आजोबांचे सर्वांत मोठे भाऊ, कारण घरात ‘दादा’ म्हणजे तेच. पणजोबांचं नाव पूर्वी एकदा निघालं होतं, पण लगेच मोडीत निघालं. पणजोबांच्या उजव्या गालावर ठळक तीळ होता. फोटोतल्या माणसाचा तीळ डाव्या गालावर आहे.

चेहऱ्याकडे सगळ्यांत शेवटी वळायचं ठरवलंय. एकदा का नाव मनात बसलं की कपाळ, नाक, मिशी सगळेच त्या नावाच्या बाजूने साक्ष द्यायला लागतात. कागदाला कुणाचीच बाजू घ्यायची नसते.

५ मे

स्कॅन. दोन्ही बाजू, १२०० डीपीआय, टिफ फाईल. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत मोडमध्येच केलं, कारण पिवळेपणा, शाई, डाग हे सगळं रंगात असतं आणि ग्रेस्केलमध्ये एकमेकांत मिसळून जातं. स्कॅनरचं ‘आपोआप सुधारणा’ हे बटण बंद. शेजारी पट्टी ठेवली, म्हणजे माप फाईलमध्येच राहील.

मूळ स्कॅन फाईलला यापुढे हात लावायचा नाही. जी काही खटपट करायची ती प्रतीवर.

९ मे

आजचा दिवस कागदाचा.

प्लास्टिकसारखा गुळगुळीत, न वळणारा कागद असता तर सोपं होतं: तसले रेझिनचा थर दिलेले कागद १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे रुळले. हा तसला नाही, साधा तंतूंचा कागद आहे, कोपऱ्यांना किंचित आत वळलेला. तेवढ्यावरून तो कितीही जुना असू शकतो.

मग अंधारात अतिनील टॉर्च मारला, नोटा तपासायला वापरतात तो. मागची बाजू निळसर पांढरी झगमगली. फोटोच्या कागदात उजळपणा आणणारी द्रव्यं १९५०च्या दशकापासून मिसळली जाऊ लागली. त्याआधीच्या कागदात ती नसतात. डिंकामुळे किंवा वरून लागलेल्या कशामुळेही एखादा ठिपका चमकू शकतो, पण इथे अख्खा कागद एकसारखा चमकतोय. (उलटा तर्क चालत नाही. कागद चमकला नाही म्हणून तो जुनाच, असं म्हणता येत नाही. नंतरच्या काळातही द्रव्याविना कागद निघत होते.)

म्हणजे कागद १९५० नंतरचा. पण पणजी त्याच्या कितीतरी आधी गेलेली, आणि फोटोत तर तिचे केस अजून काळे.

उत्तर त्या पांढऱ्या चिरेत होतं. मुलाच्या खांद्यावरून खुर्चीच्या पायापर्यंत एक बारीक चीर गेलेली दिसते. मी ती कागदाची चीर समजत होते. आज टेबललॅम्प आडवा करून, जवळजवळ कागदाला समांतर प्रकाश टाकून पाहिलं. कागद सपाट. बोट फिरवलं तरी काही लागत नाही. भिंगाखालीही पृष्ठभाग अखंड. चीर फोटोत आहे, कागदावर नाहीच! तीच गोष्ट डाव्या कोपऱ्यातल्या डागाची: डाग दिसतो करडा, आणि त्याच्यावरून कागदाची चकाकी न तुटता सरळ पुढे जाते.

तर हा फोटोचा फोटो आहे. कुणीतरी जुना, चिरलेला, डागाळलेला फोटो समोर ठेवून त्याची निगेटिव्ह काढली आणि १९५० नंतरच्या कागदावर प्रत छापली.

यापुढे दोन तारखा वेगवेगळ्या धरायच्या: क्लिक केव्हा झालं ती, आणि हा कागद केव्हा छापला गेला ती. जुन्या फोटोंच्या चर्चेत निम्मा गोंधळ या दोन्ही एकाच रकान्यात लिहिल्यामुळे होतो असं माझं मत झालंय.

११ मे

बॉलपेन बाजारात मिळू लागलं १९४५च्या सुमारास. कागद १९५० नंतरचा असल्यामुळे शाईतून नवं काही हाती येत नाही, पण दोन्ही जुळतात. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये, ओळ पुढच्या बाजूला उमटते, असं जतन करणारे सगळे कानीकपाळी ओरडतात. ओरडोत बापडे. आडव्या प्रकाशात त्या दाबामुळेच अक्षराचं वळण खणखणीत दिसतंय.

१४ मे

ओळ कोणी लिहिली, यावर सगळं अडलंय. ‘मी’ कोण ते कळल्याशिवाय ‘आई’ कोणाची आणि ‘दादा’ कोणाचा, काहीच ठरत नाही. ही ओळ आजोबांची असली तर मूल म्हणजे आजोबा. आत्याआजीची असली तर मूल म्हणजे ती. फ्रॉकवरून मुलगा की मुलगी ठरवता येत नाही. त्या वयाच्या मुलग्यांनाही तेव्हा फ्रॉक घालत.

डब्यात तिची पत्रं आहेत, आजोबांची वही माझ्याकडे आधीपासून आहे. दोघांच्या लेखनातून ‘आई’, ‘मी’, ‘व’, ‘दा’ अशी अक्षरं शोधून, कापून, एका पानावर शेजारी-शेजारी मांडली.

आजोबांचं अक्षर बसकं, रुंद, शिरोरेघ प्रत्येक शब्दावर वेगळी. आत्याआजी शिरोरेघ एकदम ओढते, ओळभर, मग शब्दांच्या मध्ये ती तुटते की नाही याची फिकीर नाही. फोटोमागची रेघ ‘आई’पासून ‘दादा’पर्यंत जवळजवळ सलग आहे. तिचा ‘मी’ पाहण्यासारखा: दुसरी वेलांटी मागे वळून थेट आधीच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते. फोटोमागे ती स्वल्पविरामाच्या वर जाऊन बसलीय. आणि ‘द’ची शेपटी ओळीखाली गेल्यावर डावीकडे वळते, हे आजोबांच्या वहीत कुठेच नाही. शिवाय पत्रांत ती ‘आणि’ जवळजवळ लिहीतच नाही; जिथे तिथे ‘व’.

मी अक्षरतज्ज्ञ नाही, आणि चार शब्द म्हणजे फारच थोडा नमुना. पण दोनच उमेदवार असताना निवड अवघड नाही. डबाही तिचाच. ओळ आत्याआजीची. मूल म्हणजे ती स्वतः.

१८ मे

आता वयाचं गणित. थोरले आजोबा आत्याआजीपेक्षा पाच वर्षांनी मोठे. ती फोटोत चारची, तर ते नऊ-दहाचे. नऊ वर्षांच्या पोराला एवढी झुपकेदार मिशी नसते.

अक्षराच्या बाबतीत मी चुकत असेन असं घटकाभर धरून उलटंही तपासलं. मूल आजोबा असते, तर थोरले आजोबा पंधराच्या आसपास येतात. तरीही बसत नाही. थोरले आजोबा दोन्ही बाजूंनी बाद.

बाबा असते तर म्हणाले असते, “मग दादा कोण?” रास्त प्रश्न. नोंद करून ठेवते: बाबा आणि त्यांची चुलत भावंडं थोरल्या आजोबांना दादा म्हणायची ती त्यांच्या मुलांचं ऐकून. आत्याआजी आपल्या भावाला काय म्हणायची, हे आम्ही कोणीच कधी विचारलेलं नाही.

१९ मे

चुलतभावाने परस्पर फोटो एआयने ‘साफ’ करून ग्रुपवर टाकला. सगळे खूश. डोळ्यांत चमक, मिशीचा केस न् केस वेगळा, कोटाला नवी इस्त्री.

मूळ स्कॅनमध्ये त्या डोळ्यांच्या जागी करड्या रंगाचे जेमतेम काही ठिपके आहेत. उरलेले डोळे कुठून आले? यंत्राने शिकताना पाहिलेल्या हजारो दुसऱ्याच लोकांच्या डोळ्यांवरून. तो चेहरा आता अर्धा आमचा, अर्धा कुणाचा तरी. कहर म्हणजे, गालावरचा तीळ डाग समजून पुसून टाकलाय.

त्याने चेहरा जुळवणाऱ्या ॲपमध्येही तो घातला. पणजोबांशी साम्य भरपूर, थोरल्या आजोबांशी भरपूर, बाबांशीही भरपूर. रक्ताच्या नात्यात दुसरं काय निघणार? त्याला फोन करून सांगितलं, ग्रुपवरचा फोटो छान आहे, पण फाईलमध्ये जाणार नाही. थोडा फुगलाय.

२३ मे

कोट पाहत बसले होते. कोटावरून दशक सापडतं का, कॉलर किती उंच, बटणं किती, एवढंच शोधत होते, आणि वरच्या खिशावर नजर अडली.

खिसा उजव्या छातीवर.

कोटाचा वरचा खिसा डाव्या छातीवर असतो. मग बटणपट्टी पाहिली. पुरुषांच्या कोटात डावी बाजू उजव्या बाजूवर येते. इथे उजवी डावीवर आलीय. एखादा शिंपी विक्षिप्त असू शकतो, पण खिसा आणि बटणपट्टी दोन्ही उलट्या शिवणारा शिंपी मी मानायला तयार नाही. पणजीच्या पदरावरून काही कळत नाही, तो तिने दोन्ही खांद्यांवरून पुढे ओढून घेतलाय.

प्रत छापताना निगेटिव्ह उलटी बसली असणार. फिल्मच्या दोन बाजू असतात, एक मसाल्याची आणि एक गुळगुळीत. एन्लार्जरमध्ये (निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापायच्या यंत्रात) चुकीची बाजू खाली गेली की अख्खा फोटो आरशातला होऊन बाहेर येतो. चेहरे सममित असल्यामुळे कुणाला संशय येत नाही. अक्षरं असती तर लगेच कळलं असतं.

तर अक्षरंही होती! स्कॅनच्या प्रतीची फाईल आडवी उलटवली आणि खालच्या कडेला जी मला गालिच्याची वेलबुट्टी वाटत होती, तिची चक्क अक्षरं झाली. रोमन वळणातली, वरून निम्मी, खालून कापली गेलेली. शेवटची दोन ‘स्टुडिओ’च्या शेवटच्या अक्षरांसारखी दिसतात. आधीची लागत नाहीत. म्हणजे मूळ फोटो पुठ्ठ्यावर होता, पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव होतं, आणि प्रत काढणाऱ्याने कड जरा जास्तच आत कापली.

खुर्ची, खिसा, बटणं, सगळं आता आपापल्या जागी. तीळही: तो उजव्या गालावर आला.

२४ मे

काल रात्री झोप लागली नाही, म्हणून आज सावधपणे.

पणजोबांचं नाव ज्या एका कारणासाठी बाद झालं होतं, ते कारण गेलं. त्यामुळे नाव सिद्ध झालं असं नाही, ते फक्त पुन्हा यादीत आलं. तीळ लाखो लोकांना असतो.

पणजोबांचा एकच फोटो आमच्याकडे आहे, म्हातारपणचा, दाढीसह. तोही उलटा नाही ना, हे आधी पाहिलं. खिसा डाव्या छातीवर, बटणं बरोबर. ठीक. तीळ उजव्या गालावर, नाकपुडीच्या रेषेत, जरा खाली. उलटवलेल्या फोटोतही तिथेच. फक्त इथे तो मोठा आणि काळाकुट्ट दिसतो, तिथे फिकट. आत्याने नेमकं यावर बोट ठेवलं: “तीळ वयाबरोबर लहान होतो होय गं?”

त्याचं कारण बहुधा तिळात नाही, प्लेटमध्ये आहे. जुन्या काचेच्या प्लेटांना, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्हना, निळा-हिरवा प्रकाश दिसायचा, तांबडा दिसायचा नाही; म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. जे तांबूस, तपकिरी, ते त्यांच्यावर काळं उमटायचं. अशा फोटोंत वांग, पुटकुळ्या, तीळ सगळं प्रत्यक्षापेक्षा गडद येतं, ओठसुद्धा. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६च्या सुमारास विक्रीला आल्या, पण स्टुडिओत जुन्या प्लेटा पुढेही बराच काळ चालल्या. म्हातारपणचा फोटो नंतरच्या फिल्मवरचा असेल, तर तोच तीळ तिथे फिकट यायलाच हवा.

अशा प्लेटांवर कपड्यांचे रंगही फसवतात. पणजीचं काळं दिसणारं वस्त्र लालभडक असू शकतं.

तीळ नसता तर मात्र काहीच म्हणता आलं नसतं. स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या आणि डाग बुजवत. या माणसाचं कपाळ जरा जास्तच तुळतुळीत आहे, म्हणजे इथेही हात फिरला असावा. तो पणजीपेक्षा लहान वाटतो, ‘नवरा कसला, भाऊच’ असं आत्याला वाटतं, त्यामागे ही पेन्सिल असू शकेल.

३० मे

पत्रं. हे काम मी टाळत होते, कारण शाई फिकट आहे आणि कागद घड्यांवर फाटतो. स्कॅनचा निळा चॅनेल वेगळा काढून गडद केला, तर तपकिरी पडलेली शाई बरीच वर येते. त्यावर वाचलं.

आत्याआजीने लग्नानंतर माहेरी लिहिलेली पत्रं आहेत. नंतर कधीतरी ती तिच्याकडेच परत आली असावीत. भावाला ती सरळ ‘अण्णा’ म्हणते. सगळ्या पत्रांत, एकदाही दुसरं काही नाही. म्हणजे तिचा ‘दादा’ हा भाऊ नव्हे.

मग एक मायना सापडला: ‘ती. दादांस शि. सा. नमस्कार’. आणि त्याच पत्रात खाली: ‘ती. स्व. मामांची तब्येत कशी आहे?’

तीर्थरूप आणि तीर्थस्वरूप. आईवडिलांना तीर्थरूप, त्यांच्या जागी मानलेल्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हा भेद सगळेच काटेकोर पाळत असं नाही. म्हणून तिच्यापुरता तपासला. आईला दर वेळी ‘ती.’. मामाला, काकाला, सासऱ्यांच्या थोरल्या भावाला ‘ती. स्व.’. दादांना ‘ती.’, आईच्या बरोबरीने. एका पत्रात तर ‘ती. दादा व ती. आई यांस’ अशी जोडीच आहे. पुढे दादांचं पथ्यपाणी, आईचं दुखणं.

दादा म्हणजे वडील. पणजोबा त्यांच्या घरात सर्वांत थोरले होते. धाकटे भाऊ दादा म्हणायचे, मुलांनीही तेच उचललं असणार. एकत्र घरात असं सर्रास व्हायचं. आणखी एक: तिच्या पत्रांत मामा आणि दादा शेजारी-शेजारी येतात, तेव्हा मामांना चुकून दादा लिहिलं असेल ही वाटही बंद झाली.

आत्याला वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “पत्रात काही का असेना. मला आजीनेच सांगितलंय मामा म्हणून.” कोणत्या आजीने, केव्हा, कोणता फोटो दाखवून, ते तिला आठवत नाही. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत फाईलमध्ये लिहून ठेवलं. खोडायचं नाही.

६ जून

मोठ्या काकांना फोन. थोरल्या आजोबांचे हे चिरंजीव, नव्वदीला टेकलेत. त्यांच्या आणि आमच्या घरात मधली बरीच वर्षं जाणं-येणं नव्हतं, म्हणून कोणी त्यांना विचारलंच नाही. कारण विचाराल तर ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही.

विचारायचं कसं, याचा आधी विचार केला. ‘हे पणजोबा ना?’ असं विचारलं की वडीलधारी माणसं प्रेमाने ‘हो, हो’ म्हणतात. म्हणून फक्त त्या पुरुषाचा चेहरा कापून, सरळ केलेला, नाव-गाव न सांगता त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवला. सोबत घरातल्याच आणखी दोघा-तिघांचे त्या काळचे चेहरे. मामांचाही.

“काका, यातले कोणी ओळखता का?”

“थांब, चष्मा आणू दे.” बराच वेळ खुडबुड. “हा मिशीवाला? अगं, हे आमचे आजोबा. तू अर्धाच पाठवलायस. आजी कुठंय?”

“कशावरून म्हणता?”

“कशावरून काय? पुठ्ठ्यावरचा फोटो आहे की आमच्याकडे. लहानपणापासून बघतोय. कोपऱ्यातून चिरलाय तो.”

चीर! मी फोनवर ओरडलेच.

शांत झाल्यावर नोंद: काकांनी पणजोबांना पाहिलं ते म्हातारपणी. तरुण चेहरा त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, तेव्हा त्यांची ओळखही शेवटी त्यांच्या वडिलांनी सांगितलेली. पण त्यांचे वडील म्हणजे थोरले आजोबा, फोटोतल्या माणसाचा मुलगा. आणि ही साखळी आत्याआजीच्या ओळीला न शिवता आलीय. दोन घरांचं बोलणं बंद होतं, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

१० जून

नातवाने मूळ फोटोचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवले, पुढून-मागून. राखाडी पुठ्ठा, खाली शाईविना ठशाने उठवलेलं स्टुडिओचं नाव. खिसा डावीकडे. चीर तीच, डाग तोच, फक्त आमच्या प्रतीच्या उलट बाजूला.

त्याला खिडकीपाशी नेऊन तिरका धरायला सांगितलं. गडद भागात, कोटाच्या बाहीवर आणि खुर्चीखाली, चांदीसारखी निळसर झाक दिसते का? दिसते म्हणाला. जिलेटिनच्या थरातली चांदी वर्षानुवर्षांनी पृष्ठभागाशी येते, तेव्हा अशी झाक धरते. त्यावरून नेमकं साल सांगता येत नाही, पण हा फोटो जुना आणि मूळचा, हे पटायला पुरेसं आहे.

ठशाचं नाव उठवलेले असे राखाडी, तपकिरी पुठ्ठे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत जास्त दिसतात. त्याआधीचे बहुतेक सोनेरी कडांचे, छापील नावांचे. शाळेच्या दाखल्यावर आत्याआजीचं जन्मसाल १९१६ आहे. मूल चारेक वर्षांचं, म्हणजे फोटो १९२०च्या आगेमागे. पुठ्ठा त्याला नाही म्हणत नाही.

मागे काही लिहिलेलं नाही. पेन्सिलचा एक आकडा आहे, स्टुडिओचा निगेटिव्ह क्रमांक असावा. तो टिपून ठेवला. स्टुडिओच्या वह्या टिकलेल्या नसतात बहुधा, पण त्या काळच्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत स्टुडिओचा पत्ता कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत येतो, ते पाहता येईल.

१५ जून

आता चेहरा. खरं तर फक्त कान.

टोपीने केसांची रेषा झाकलीय, मिशीने ओठ, पेन्सिलने कपाळ. म्हातारपणच्या फोटोत दाढीने हनुवटी. दोन्हीकडे उघडा राहिलाय तो कान. पॅरिसच्या पोलिसांत आल्फोन्स बर्तिलों याने १८८०च्या दशकात गुन्हेगार ओळखण्याची मापं ठरवली, त्यांत कानाला मानाचं स्थान होतं. वयाबरोबर कान लांबतो, पाळी ओघळते, पण आतल्या घड्यांची रचना तीच राहते.

फोटो सरळ केल्यावर दिसतो तो उजवा कान. म्हातारपणच्या फोटोतही उजवाच. फोटो उलटा आहे हे लक्षात आलं नसतं, तर उजवा कान डावा समजून तुलना झाली असती. एकाच माणसाचे दोन्ही कान अगदी सारखे नसतात.

जुळलं ते असं: पाळी गालाला चिकटलेली, खाली लोंबणारी नाही. बाहेरच्या कडेवर वरून एक तृतीयांश अंतरावर बारीकशी खाच. म्हातारपणच्या फोटोत ती खाच स्पष्ट आहे. आमच्या प्रतीत ‘आहे असं वाटतं’ एवढंच म्हणेन. फोटोच्या फोटोत एवढा तपशील मरतो. मामांच्या फोटोतल्या उजव्या कानाची पाळी मात्र सुटी, चांगली लोंबती. एवढा फरक वयाने पडत नाही.

२० जून

फाईलमधली आजची स्थिती.

थोरले आजोबा: बाद, वयामुळे. मामा: जवळजवळ बाद, पत्रांतले मायने आणि कान दोन्ही विरोधात, बाजूने फक्त आत्याची आठवण. पणजोबा: बहुधा तेच. ‘निश्चित’ हा शब्द मुद्दाम अजून लिहिलेला नाही. कानाची खाच मूळ फोटोच्या नीट स्कॅनमध्ये दिसली तर लिहीन.

फाईलच्या आतल्या मथळ्यात असं टाकलं: ‘डावीकडून: पणजोबा (बहुधा), पणजी, आत्याआजी, वय सुमारे ४. मूळ फोटो सुमारे १९२०, मोठ्या काकांकडे. ही प्रत १९५० नंतरची, आडवी उलटी छापलेली. मागची ओळ आत्याआजीच्या अक्षरात.’ खाली कशावरून काय ठरवलं ते, आणि आत्याचं मत वेगळं आहे हेही. नुसतं नाव लिहून ठेवलं तर पुढच्याला ते मान्य करावं लागतं किंवा नाकारावं लागतं. कारणं दिली की त्याला तपासता येतं.

कागदाच्या प्रतीमागे, कडेला, मऊ पेन्सिलने फक्त फाईल क्रमांक घातला. तिची ओळ होती तशीच.

ग्रुपवर मी सरळ केलेला फोटो टाकला. चुलतभावाचा फुगा फुटलाय. स्टुडिओचा माग काढायचं त्याने अंगावर घेतलंय. आत्याने अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, “मामाच वाटतात मला तरी.”

काकांचा नातू पुढच्या महिन्यात पुठ्ठा स्वतः घेऊन येणार आहे. टपालाने पाठवू नकोस म्हटलं, चीर वाढेल. तोवर ‘मूळ फोटो पाहिला का?’ या रकान्यात ‘फक्त मोबाइलवरून’ असंच राहील.